मदत हवी आहे: ड्रायव्हर खराब सेक्टरला 'रिकव्हर्ड एरर' समजतो (स्कझी सेन्स डेटा)

नमस्कार मंडळी,

एका छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी स्कझी (डिस्कशी बोलण्याचं एक मानक) डिस्कचा ड्रायव्हर लिहितो आहे. जुन्या डिस्कवर तो वर्षभर बिनतक्रार चालला. परवा ४ टेराबाइटची डिस्क जोडली आणि कॉपी केलेल्या एका फाइलचा चेकसम (डेटा बदलला का ते ओळखण्याचा आकडा) जुळेना. लॉगमध्ये मात्र सगळे रीड यशस्वी. शेवटी चेक कंडिशनसोबत ('कमांडमध्ये अडचण आली' हे डिस्कचं उत्तर) येणारा सेन्स डेटाचा, म्हणजे काय बिघडलं ते सांगणाऱ्या बाइट्सचा, बफर जसाच्या तसा छापला (आकडे हेक्समध्ये):

७२ ०३ ११ ०० ०० ०० ०० ०सी
०० ०ए ८० ०० ०० ०० ०० ०१
२ए ४० ०० १८

माझा कोड बाइट २ च्या खालच्या चार बिट्समधून सेन्स की (एररचा मुख्य प्रकार) घेतो आणि बाइट १२, १३ मधून एएससी, एएससीक्यू (एररचा नेमका तपशील). त्या हिशेबाने १/००/०० निघतं, म्हणजे रिकव्हर्ड एरर: डिस्कने स्वतःच सावरून घेतलं, डेटा ठीक आहे. ड्रायव्हर ते खरं मानतो आणि बफर फाइल सिस्टिमकडे देतो, पण त्या बफरमध्ये आधीच्या रीडचा कचरा असतो.

बाइट ० मध्ये ७० ऐवजी ७२ आहे हे दिसतंय. कंट्रोल मोड पेजमधला (डिस्कच्या सेटिंग्जमधला) डी-सेन्स बिट शून्य केला की डिस्क जुन्या पद्धतीने उत्तर देईल असं वाचलं. तेवढं पुरेल का? खराब डेटा चांगला म्हणून पुढे गेला, यानेच माझी झोप उडाली आहे.

प्रतिसाद १

तुमच्या डिस्कने चूक अगदी नीट सांगितली आहे. ७२ म्हणजे डिस्क्रिप्टर फॉरमॅट. त्यात सेन्स की बाइट १ मध्ये, एएससी बाइट २ मध्ये आणि एएससीक्यू बाइट ३ मध्ये असतो. म्हणजे ३/११/००: मीडियम एरर, वाचता न आलेला सेक्टर. तुम्ही एएससीच्या ११ मधला खालचा १ उचललात आणि तो नेमका रिकव्हर्ड एररचा आकडा निघाला. दुसरा कुठला आकडा असता तर ड्रायव्हरने निदान आरडाओरडा तरी केला असता.

डी-सेन्सच्या वाटेला जाऊ नका. जुन्या, म्हणजे ७० वाल्या फिक्स्ड फॉरमॅटमध्ये खराब सेक्टरचा पत्ता देणारं इन्फर्मेशन फील्ड चारच बाइटचं (३ ते ६). ५१२ बाइटचे सेक्टर धरले तर २ टेबिबाइटच्या पलीकडचा पत्ता त्यात मावतच नाही. तुमच्या बफरमधले शेवटचे आठ बाइट पाहा: १२ए४०००१८, म्हणजे ५ अब्जांच्याही पुढचा सेक्टर. डी-सेन्स शून्य केलात तर नेमका हाच पत्ता हातचा जाईल. शिवाय सेव्ह न केलेली मोड सेटिंग रीसेटनंतर मूळपदावर येते.

दोन्ही फॉरमॅट वाचणारं एकच फंक्शन लिहा आणि बाकीच्या कोडला फक्त त्याचा निकाल दाखवा. लिनक्समधलं 'एससीएसआय नॉर्मलाइझ सेन्स' हेच करतं. बाइट ० वर ७एफचा मास्क लावायला (सर्वांत वरचा बिट वगळायला) विसरू नका, कारण फिक्स्डमध्ये सर्वांत वरचा बिट व्हॅलिड बिट (इन्फर्मेशन फील्ड ग्राह्य आहे का ते सांगणारा) असतो आणि ७० च्या जागी एफ० येऊ शकतो.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. आणखी एक: बाइट ० मध्ये ७१ किंवा ७३ आले तर ते वेगळे हाताळा. ते डिफर्ड (उशिरा कळवलेले) एरर. डिस्कने एखादा राइट कॅशमध्ये घेऊन 'झालं' म्हणून सांगितलेलं असतं आणि तो नंतर फसतो, तेव्हा ते येतात. चूक आधीच्या कमांडची. आत्ताची कमांड चेक कंडिशनने परतली तर ती चाललेलीच नसते, ती पुन्हा पाठवावी लागते. ती चूक चालू रीडच्या माथी मारली तर भलत्याच सेक्टरवर खराब असल्याचा शिक्का बसेल.

डिस्क्रिप्टर (७२ च्या बफरमधले माहितीचे तुकडे) वाचताना पहिलाच इन्फर्मेशनचा असेल असं धरून चालू नका. बाइट ८ पासून सुरुवात करा: पहिला बाइट प्रकार, दुसरा लांबी, पुढचा डिस्क्रिप्टर लांबी अधिक २ वर. प्रकार ०० सापडला की त्याचा व्हॅलिड बिट तपासा (तुमच्याकडचा ८० तोच) आणि मगच पत्ता घ्या. कुठे थांबायचं ते बाइट ७ सांगतो, पण खरोखर जेवढे बाइट आले त्यापलीकडे जाऊ नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फंक्शन लिहिलं. वरचा बफर दिला की ३/११/०० आणि बरोबर पत्ता येतो. आता ओळख न पटलेला रिस्पॉन्स कोड (बाइट ०) आला की रीड सरळ नापास करतो आहे.

पण खरी डिस्क हवी तेव्हा चूक देत नाही. चाचणी कशी घ्यावी?

प्रतिसाद १

लिनक्सचं 'एससीएसआय डीबग' मॉड्यूल (नकली डिस्क तयार करणारं) वापरा. 'ऑप्ट्स' २ दिलं की सेक्टर ४६६० पासून मीडियम एरर येतात. 'डीसेन्स' (वरच्या डी-सेन्स बिटचं सेटिंग) एकदा ० आणि एकदा १ ठेवून ते बफर टिपून घ्या आणि तुमच्या फंक्शनला खाऊ घाला. दोन्हीकडून एकच निकाल यायला हवा.

धागाकर्ता

आज रात्रीच करतो. जुन्या डिस्कवरून नव्यावर आणलेल्या फाइल्सचे चेकसमही सगळे पुन्हा काढायला लावले आहेत. आतापर्यंत आणखी दोन जुळले नाहीत. मूळ प्रती सुदैवाने अजून पुसलेल्या नाहीत.