मदत हवी आहे: हॅलोजन काढून एलईडी बसवायचे आहेत, जुना डिमर बदलावा की ट्रान्सफॉर्मर?

नमस्कार.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचे जुने घर आहे. सुमारे २० वर्षांपूर्वी दिवाणखान्याला पीओपीचे फॉल्स सीलिंग करून घेतले, तेव्हा त्यात १२ व्होल्टचे, ५० वॅटचे, दोन पिनांचे सहा हॅलोजन दिवे बसवले आणि ते सर्व एकाच डिमरवर (उजेड कमी-जास्त करण्याच्या बटणावर) घेतले. प्रत्येक दिव्याला सीलिंगच्या आत स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर असून त्यावर ‘२० ते ६० वॅट’ असे छापलेले आहे. डिमर गोल बटणाचा आहे. त्यावर ४५० वॅट ही कमाल मर्यादा दिलेली आहे, किमान भाराचा (म्हणजे निदान किती वॅटचे दिवे जोडलेले हवेत याचा) मात्र कोठेही उल्लेख नाही.

माझे वडील शास्त्रीय संगीत शिकवतात. पहाटेचा रियाज आणि संध्याकाळची शिकवणी याच खोलीत होते, आणि भडक उजेड त्यांच्या डोळ्यांना सोसत नसल्यामुळे दिवे जवळजवळ नेहमीच निम्म्यावर ठेवलेले असतात. त्यामुळे ‘एलईडी लावा आणि डिमर काढून टाका’ हा सल्ला, जो मला लक्ष्मीपुरी आणि शाहूपुरीतील बहुतेक दुकानांत मिळाला, आमच्या उपयोगाचा नाही.

तरीही हॅलोजन बदलणे आता भाग आहे. पूर्ण उजेडात सहा दिवे मिळून ३०० वॅट घेतात आणि त्यातील फार थोड्या विजेचा उजेड होतो, बाकी सगळी उष्णता. दिव्यांभोवतीचे पीओपी तपकिरी पडले आहे, एका होल्डरची वायर कडक होऊन तिला तडे गेले आहेत, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्या दिव्यांखाली बसवत नाही. त्याच मापाचा ६ वॅटचा एलईडी घेतला, तर सहा दिव्यांचे मिळून ३६ वॅट होतात.

म्हणून त्याच होल्डरमध्ये बसणारे, खोक्यावर ‘डिमेबल’ असे स्पष्ट छापलेले १२ व्होल्टचे एलईडी आणून पाहिले. एकच एलईडी लावला आणि उरलेले पाच हॅलोजन तसेच ठेवले, तर हॅलोजन नेहमीसारखे चालतात; एलईडी मात्र डिमर पूर्ण उघडलेला असतानाही थरथरतो. सहाही एलईडी लावले की प्रकार आणखी बिघडतो. पूर्ण उजेडात बारीक लुकलुक होते, निम्म्यावर आणले की सगळे दिवे एकत्र धडधडू लागतात, आणि आणखी खाली नेले की हळूहळू मंद होण्याऐवजी एकदम विझतात. विझलेले दिवे पुन्हा लावायचे तर बटण बरेच वर न्यावे लागते.

मला समजलेले कारण येथे मांडतो. जाणकारांनी ते तपासावे. आमचा डिमर जुन्या पद्धतीचा, ट्रायॅक या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालणारा आहे. विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेत, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, तो सुरुवातीचा भाग अडवून ठेवतो आणि मग वाट मोकळी करतो. एकदा उघडलेला ट्रायॅक उघडा राहण्यासाठी त्यातून ठरावीक किमान प्रवाह वाहत राहावा लागतो. ३०० वॅटच्या हॅलोजनला ही अट सहज पुरी करता येत होती. एलईडीच्या आतील सर्किट मुळातच थोडा प्रवाह घेते, आणि तोही सलग न घेता झटक्याझटक्याने घेते, त्यामुळे ट्रायॅक अवेळी बंद पडतो. हॅलोजनची तार तापलेली असल्याने असा क्षणभराचा खंड तिच्या उजेडात दिसत नाही. एलईडीत तो तत्काळ डोळ्यांना जाणवतो. मात्र हेच एकमेव कारण असेल, तर पाच हॅलोजनचा २५० वॅटचा भार असताना एकटा एलईडी का थरथरतो, हे मला उलगडलेले नाही.

दुसरी अडचण आवाजाची आहे, आणि आमच्यासाठी ती उजेडाहून मोठी आहे. हॅलोजन असतानाही डिमर निम्म्यावर आणला की बोर्डातून बारीक घूंऽ असा आवाज येतो. पंखा बंद करून तंबोरा जुळवताना तो स्पष्ट ऐकू येतो, आणि खर्जाची तार लावताना वडिलांचे लक्ष त्यामुळे सतत विचलित होते. एलईडी लावल्यावर त्यात दिव्यांचीही गुणगुण मिसळली. नवी व्यवस्था शांत नसेल, तर ती कितीही वीज वाचवणारी असली तरी वडील ती स्वीकारणार नाहीत, आणि मला त्यांचे म्हणणे पटते.

आमच्या वायरमनने डिमरच्या जागी पंख्याचा रेग्युलेटर लावण्याचे सुचवले होते. पंख्याच्या मोटरसाठी बनवलेली वस्तू एलईडीच्या सर्किटवर चालवणे मला सुरक्षित वाटत नाही, म्हणून मी नकार दिला.

माझा प्रश्न असा की, केवळ डिमर बदलून भागेल का, की ट्रान्सफॉर्मरही काढावे लागतील? सहापैकी एक हॅलोजन तसाच ठेवून डिमरचा किमान भार भरून काढावा, असेही एकाने सांगितले. ते योग्य आहे का? बोर्डावर डिमरशेजारी ५ अँपियरचा सॉकेट आहे, याचा काही उपयोग होत असल्यास तेही कृपया सांगावे.

प्रतिसाद (इचलकरंजीहून)

आपण केलेल्या एका एलईडीच्या चाचणीतच उत्तर आहे. आपल्या साखळीत किमान भाराच्या अटी दोन आहेत: एक डिमरची आणि दुसरी प्रत्येक ट्रान्सफॉर्मरची. ट्रान्सफॉर्मरवर ‘२० ते ६० वॅट’ लिहिले आहे, याचा अर्थ २० वॅटपेक्षा कमी भारावर तो नीट चालेल याची खात्री नाही, आणि आपण त्याला ६ वॅटचा दिवा जोडलात. पाच हॅलोजनमुळे डिमरची अट पुरी झाली, पण सहाव्या ट्रान्सफॉर्मरची झाली नाही, म्हणून तेवढाच दिवा थरथरला. एक हॅलोजन ठेवण्याची युक्ती याच कारणाने अपुरी पडते. ती डिमरला सांभाळते, बाकीच्या पाच ट्रान्सफॉर्मरना नाही. शिवाय तेथील उष्णता तशीच राहते.

माझ्या मते सहाही ट्रान्सफॉर्मर काढून त्याच ५० मिलिमीटर मापाचे, थेट २३० व्होल्टवर चालणारे डिमेबल एलईडी नव्या होल्डरसह बसवावेत. ट्रान्सफॉर्मरपासून दिव्यापर्यंतची जुनी १२ व्होल्टची वायर २३० व्होल्टसाठी मुळीच वापरू नये. तडे गेलेली तर आजच काढावी. होल्डरची चौकट धातूची असेल तर अर्थिंग आवश्यक आहे.

डिमर मात्र ‘ट्रेलिंग एज’ प्रकारचा घ्यावा, आणि त्याचे कारण आपल्या तंबोऱ्याशी जोडलेले आहे. जुना डिमर निम्म्यावर असताना लाटेच्या अगदी शिखरावर उघडतो, म्हणजे दिव्यावर शून्यावरून सुमारे ३२५ व्होल्ट एका झटक्यात येतात. त्या झटक्याने डिमरमधील चोक (तारेचे वेटोळे) कंप पावतो. निम्म्यावर आवाज जास्त येतो तो म्हणूनच. ट्रेलिंग एज डिमर लाटेच्या आरंभी, शून्यापासून वाट देतो आणि शेवटचा भाग कापतो, तोही थोडा उतार देऊन, त्यामुळे आवाज बराच कमी होतो.

शेजारच्या सॉकेटचा उपयोग निश्चित होतो. सॉकेट आहे म्हणजे त्या बोर्डात न्यूट्रल (विजेची परतीची तार) आलेला आहे. न्यूट्रल जोडता येणारा डिमर मिळाल्यास त्याला स्वतःपुरती वीज दिव्यांमधून ओढावी लागत नाही, आणि कमी भारावरची लुकलुक बरीच आटोक्यात येते. किमान उजेड ठरवण्याचा बारीक स्क्रू असलेला डिमर पाहावा. दिवे एकदम विझण्याच्या थोडे वर तो लावून ठेवता येतो. डिमरची क्षमता पाहताना साध्या बल्बसाठी दिलेला आकडा धरू नये, एलईडीसाठी वेगळा दिलेला आकडाच पाहावा. सहाही दिवे एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे घ्यावेत.

आणि सीलिंगला हात लावण्यापूर्वी एक दिवा, एक डिमर आणि एक होल्डर टेबलावर जोडून, पंखा बंद करून, वडिलांना ऐकवावे. काम करताना डिमर बंद केला म्हणजे वीज तुटली असे समजू नये. मेन स्विच खाली पाडूनच सीलिंग उघडावे.

धागाकर्त्याचे उत्तर

मनापासून आभार. दोन स्वतंत्र किमान भारांची गोष्ट मला आजवर कोणीही सांगितली नव्हती, आणि केवळ डिमरवर होणारा खर्च आपल्यामुळे टळला. वायरमनकडून बोर्ड उघडून पाहिला. सॉकेटला न्यूट्रल आहे आणि डिमरच्या खाचेपर्यंत तो सहज नेता येईल असे त्यांचे मत आहे. तडे गेलेली वायर त्याच वेळी काढली आणि तो दिवा तूर्त बंद ठेवला आहे.

आता एकच बाब उरते. हॅलोजन मंद केला की त्याचा उजेड समईसारखा तांबूस होत जातो, आणि वडिलांना त्याची सवय आहे. साधा डिमेबल एलईडी मंद होतो, पण त्याचा रंग ३००० केल्विनचा असेल तर तेवढाच राहतो. मंद होताना रंगही उबदार होत जाणारे ‘डिम टू वॉर्म’ एलईडी असतात असे वाचले आहे. कोल्हापूर, सांगली किंवा पुण्यात कोणी ते ट्रेलिंग एज डिमरवर प्रत्यक्ष वापरत असल्यास, निम्म्यापेक्षा खाली ते स्थिर राहतात का आणि शांत खोलीत त्यांचा आवाज येतो का, एवढे कृपया कळवावे.