ब्लॅक मोशन आता दोघांचं राहिलंय का?

प्रश्न: काल रात्री ड्राइव्ह करताना ब्लॅक मोशन या हाउस संगीत करणाऱ्या जोडीचं 'इमाली' हे गाणं लागलं, डोकंच फिरलं राव! कुठले आहेत हे, आणि अजून एकत्र आहेत का?

ढोलवाला: दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाजवळच्या सोशांगुवेचे. ते नावच भारी आहे, सोथो, शांगान, न्गुनी, वेंडा अशा लोकांच्या नावांचे तुकडे जोडून केलंय. जोडीतला थाबो ड्रम्सवर आणि बोंगानी डीजेच्या डेकवर असायचा, म्हणजे नुसतं बटण दाबून उभं राहायचं असला प्रकार नाही, लाइव्ह ड्रम्स वाजतात त्यामुळे बघायला मजा येते. आपल्या ढोल पथकात वाजवणाऱ्याला लगेच कळेल मी काय म्हणतोय ते.

रात्रपाळी: 'इमाली' २०१६ च्या 'या बादिमो' अल्बममधलं, नोक्वाझी या गायिकेने गायलंय. बादिमो म्हणजे पूर्वज. 

ढोलवाला: आणि हो, एकत्र नाहीत. २०२२ मध्ये बोंगानी बाहेर पडला, आता मर्डा बाँग्ज नावाने एकटा करतो. थाबोने ब्लॅक मोशन नाव चालू ठेवलंय.

प्रश्न विचारणारा: अरेरे, मला आत्ता सापडले आणि हे आधीच वेगळे झाले 😅

रात्रपाळी: आता त्यांचंच 'रेनबो' ऐक, हेडफोन लावून.