भाषार्जन की द्विभाषिकता? पीएचडीसाठी कुणाच्या दारात जाऊ? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

भाषाविज्ञानात एमए केलं, मग सहा वर्षं प्रौढांना मराठी शिकवतेय. विद्यार्थी बहुतेक हिंदीभाषक. आता पीएचडी करून संशोधनातच राहायचं आहे. विषय सापडलाय, विभाग सापडत नाहीये.

माझे विद्यार्थी 'माझी पुस्तक' म्हणतात, 'माझा घर' म्हणतात. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, घर पुल्लिंगी आणि नपुंसकलिंग नाहीच, त्यामुळे नवल काही नाही. पण चांगले अस्खलित बोलणारेसुद्धा घाईत असले की हेच बोलतात. लिहायला सांगितलं की 'माझं पुस्तक' बिनचूक लिहितात. नियम डोक्यात आहे, मग तोंडात का येत नाही?

द्वितीय भाषार्जनवाले, म्हणजे माणूस दुसरी भाषा कशी शिकतो ते अभ्यासणारे, याला अंतरभाषा म्हणतील. भाषावैज्ञानिक सेलिंकरने १९७२ साली मांडलेली कल्पना: शिकणाऱ्याची भाषा म्हणजे मोडकी मराठी नव्हे, तिची स्वतःची व्यवस्था असते, आणि तिचे काही भाग गोठून जातात. द्विभाषिकतेवाले, म्हणजे एकाच डोक्यात दोन भाषा कशा नांदतात ते बघणारे, वेगळंच विचारतील: मराठी बोलताना हिंदीचं लिंग मनात जागं असतं का? त्यांच्यातल्या ग्रोजाँने १९८९ मध्येच बजावलं होतं की द्विभाषिक माणूस म्हणजे एका देहात दोन एकभाषिक नव्हेत. मला दोन्ही पटतं, हीच पंचाईत. एका प्राध्यापकांना लिहिलं, ते म्हणाले हे मानसशास्त्र झालं. दुसरे म्हणाले, हे तर अध्यापनशास्त्र!

शिवाय संख्याशास्त्राची भीती वाटते. आणि 'दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो' या विषयावर काम केलं तर नोकरी लवकर मिळते असं ऐकलं. तिकडे वळू का?

प्रतिसाद : काठावरची

विभागाच्या पाटीवर जाऊ नका. ज्यांच्याकडे जायचंय त्यांचे मागचे पाच पेपर काढा आणि फक्त 'पद्धत' हा भाग वाचा. तुम्हाला पुढची चार-पाच वर्षं तेच करायचं आहे. वर्गात नोंदी घेणारा गाइड आणि उत्तराला लागलेला वेळ मिलिसेकंदांत मोजणारा गाइड, दोघांकडे तुमचं हेच वाक्य दोन वेगळे प्रबंध होईल. माझा प्रबंध उच्चारांवर होता, नोकरी शिक्षणशास्त्र विभागात आहे. असंच चालतं.

संख्याशास्त्राला मात्र पर्याय नाही. एकच विद्यार्थी चाळीस शब्दांना उत्तरं देणार आणि तेच शब्द सगळ्यांपुढे येणार, म्हणजे नुसत्या सरासऱ्या काढून भागत नाही. 'आर' ही संख्याशास्त्रासाठीची संगणकीय भाषा आत्तापासून शिका. आयरिस या भाषार्जन-संशोधनाच्या ऑनलाइन संग्रहात इतरांनी वापरलेल्या चाचण्या आणि प्रश्नावल्या मिळतात, त्या उघडून बघा.

प्रतिसाद : उलटतपासणी

तल्लख मेंदूच्या वाटेला जपून. २०१५ मध्ये द ब्रुइन या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी याच विषयावरचे १९९९ ते २०१२ मधले परिषदांतले १०४ गोषवारे तपासले. फायदा पूर्णपणे दिसलेल्यांपैकी ६८ टक्के पुढे छापून आले, अजिबात न दिसलेल्यांपैकी २९. म्हणजे छापलेलंच वाचलं तर फायदा आहे त्याहून मोठा वाटतो. ज्या जमिनीचा सातबारा अजून वादात आहे तिथे पहिलं घर बांधू नये.

तुमचं नपुंसकलिंग जास्त चांगलं आहे, फक्त एक भोक बुजवा. 'माझी पुस्तक' ही चूक दोन कारणांनी होऊ शकते: तिसरं लिंग बसलेलंच नाही, किंवा हिंदी आतून बोलतेय. यातलं कुठलं, ते 'पुस्तक'वरून कधीच कळणार नाही. 'आवाज' घ्या. हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी, नपुंसकाचा संबंधच नाही. तिथेही चुकले तर हिंदी बोलतेय. फक्त 'पुस्तक', 'घर' इथेच चुकले तर अडचण तिसऱ्या लिंगाची. जोडीला 'खिडकी', 'भाषा' असे दोन्हीकडे स्त्रीलिंगी शब्द ठेवा, तुलनेला. मग दोन्ही विभागांना तुमची गरज वाटेल.

मूळ धागाकर्ती

'माझी आवाज येतेय का?' ऑनलाइन तासाला दर वेळी ऐकते मी हे! सुधारणं कधीच सोडून दिलं होतं. उद्यापासून वहीत टिपते, कोण म्हणालं आणि घाईत होतं का तेही. महिनाभराच्या नोंदी झाल्या की त्या दोन्ही प्राध्यापकांना पुन्हा लिहीन, या वेळी 'आवाज'पासून सुरुवात करून.

'आर'साठी अगदी नवख्यांना झेपेल असं काही असेल तर सुचवा. गणित दहावीनंतर सोडलंय.