विषय: भाचीला दत्तक घ्यायचं आहे, सुरुवात कुठून करावी?

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी गेला. वहिनी साताऱ्याला असते, तिची तब्येत बरी नसते. आठ वर्षांच्या भाचीला आम्ही दत्तक घ्यावं असं तिनेच सुचवलं. आई म्हणते, दिवाळीत येताच आहात तर गुरुजींना बोलावून दत्तकविधान करू, दत्तकपत्र नोंदवू आणि पोरीला घेऊनच जा. आम्ही दोघं अमेरिकेचे नागरिक आहोत, आम्हाला बारा वर्षांची मुलगी आहे. कुणाला अनुभव आहे का?

*

ताई, भावाबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

दिवाळीत दत्तकविधान करू नका, ही कळकळीची विनंती. माझ्या बहिणीच्या मुलाला आम्ही रीतसर दत्तक घेऊन इकडे आणलं, म्हणून ठामपणे सांगतोय. भारत आणि अमेरिका दोन्ही १९९३ च्या हेग दत्तक करारात (परदेशातून मूल दत्तक घेण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार) आहेत, आणि त्यात सगळा खेळ क्रमाचा आहे. आधी तुमचा होम स्टडी (तुमच्या घराची आणि कुटुंबाची पाहणी) आणि फॉर्म आय-८००ए, म्हणजे तुम्ही दत्तक घ्यायला पात्र आहात यासाठीचा अमेरिकी सरकारकडचा अर्ज. मग आय-८०० या भाचीसाठीच्या अर्जाची तात्पुरती मंजुरी आणि अमेरिकी वकिलातीचं पत्र. त्यानंतरच भारतातला दत्तक आदेश. दत्तक आधी उरकलं तर व्हिसा अडकतो. मूल कागदावर तुमचं होतं, पण राहतं साताऱ्यातच.

शिवाय तुमच्या बाबतीत ते दत्तकपत्र टिकणारही नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे ज्यांना मुलगी आहे त्यांना दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यात ही आडकाठी नाही. त्याचं कलम ६० परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांसाठीच आहे, आणि नातेवाईक म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा. तुम्ही आत्या, म्हणजे त्यात बसता. (चुलत-मावस भावंडांची मुलं यात येत नाहीत, इतरांनीही लक्षात ठेवा.)

तेव्हा आधी इथली अमेरिकेतली अशी दत्तक एजन्सी गाठा, जिला दिल्लीच्या ‘कारा’ची (भारत सरकारची केंद्रीय दत्तक संस्था) मान्यता आहे. पुढे साताऱ्याचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष कुटुंबाचा अहवाल करतो आणि शेवटी कारा ना-हरकत देते. भाची आल्यावरही दोन वर्षं पाठपुरावा अहवाल जातात. आय-८०० भरताना मूल १६ च्या आत हवं, तेव्हा तुम्हाला घाई करायचं कारण नाही.

*

वरचं सगळं बरोबर आहे. मला वहिनीबद्दल बोलायचंय.

दत्तक झालं की कायद्याने ती त्या पोरीची आई राहत नाही, आणि ही संमती पुढे मागे घेता येत नाही. मुलगी मोठी होऊन आईला इकडे बोलावेल, ही आशा कुणी तिला लावू नका. दत्तक गेलेल्या मुलाच्या नात्यावर जन्मदात्या आईला ग्रीन कार्ड मिळत नाही. हे तिला फोनवर नको, समोर बसून सांगा. दिवाळीचा प्रवास त्यासाठी करा.

आणि तेव्हाच विचारा, औषधपाण्याची आणि शाळेची सोय झाली तर तिला पोरीला जवळ ठेवायला आवडेल का? वडील जाऊन वर्ष होतंय, त्यात आईही सुटणार. लेकराचा विचार आधी व्हायला हवा. पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती कायद्यालाही लागते, तेव्हा भाचीशी मोकळेपणी बोला, मोठ्यांचा घोळका भोवती नको.

वहिनीला आत्ता पैसे पाठवत असाल तर एजन्सीला आधीच सांगून ठेवा. संमतीच्या बदल्यात पैसे दिले असा संशयसुद्धा येता कामा नये.

*

दोघांचेही मनापासून आभार. एजन्सीशी बोलणं सुरू करते, पण अर्ज वहिनीशी आणि भाचीशी बोलून झाल्यावरच. मुलगी आईजवळच राहावी असं ठरलं, तर दोघींचा खर्च आम्ही आनंदाने उचलू.

दादा, दत्तकविधान का नको हे आईला फोनवर तुम्ही समजावाल का? तिने गुरुजींशी बोलून तारीखसुद्धा धरली आहे.