सूत्र राहू द्या, आधी सावली मोजा

ताई, मुलाला समरूप त्रिकोण (आकार तोच, फक्त लहान-मोठे) जमत नाहीत असं तुम्ही लिहिलंय, आणि वर एका भाऊंचा सल्ला आहे की सूत्रं पाठ करून घ्या. काहून बाप्पा! सकाळी अंगणात 1 मीटरची काठी उभी रोवा. तिची सावली 80 सेंटिमीटर आणि लगेच मोजलेली विजेच्या खांबाची सावली 6.4 मीटर भरली, तर खांब 6.4 ÷ 0.8 = 8 मीटर. एकक तेवढं दोन्हीकडे सारखं ठेवा. सूर्यकिरण समांतर येतात म्हणून काठी-सावली आणि खांब-सावली या दोन्ही त्रिकोणांचे कोन सारखे, म्हणून उंची ÷ सावली हे गुणोत्तरही सारखं, हे त्याच्याच तोंडून येऊ द्या. पुढे त्रिकोणमितीत येणारा टॅन म्हणजे हेच गुणोत्तर. फक्त 26 मेच्या आसपास भरदुपारी नको. तेव्हा नागपुरात सूर्य थेट डोक्यावर, सावलीच गायब. (त्या उन्हात बाहेर पडतंय कोण म्हणा!)