आठ महिने दक्षिण अमेरिका: राजीनामा, व्हिसा आणि मागे राहणारी कामं

वाळूज_थर्डशिफ्ट:
नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत क्वालिटीला आहे, वय 31. आठ महिने सुट्टी घेऊन दक्षिण अमेरिका फिरायची आहे, पाठीवर एक बॅग, सगळं बसने. नोव्हेंबरमध्ये निघायचा विचार आहे. येत्या 31 जानेवारीला नोकरीची 5 वर्षं होतात. कंपनी बिनपगारी रजा देत नाही, म्हणजे राजीनामाच. अमेरिकेचा पर्यटन व्हिसा आहे, अजून सात वर्षं चालेल. पासपोर्ट मात्र दीड वर्षात संपतोय आणि पानंही थोडीच उरलीत. आई-वडील कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत, वडिलांना शुगर आहे. फ्लॅटचा हप्ता चालू आहे. गंगापूरकडे तीन एकर माझ्या नावावर आहे. खाणं शुद्ध शाकाहारी. कुठं चुकू शकतं ते सांगा.

कागदपत्रवाली:
दादा, पहिली चूक नोव्हेंबरच. 5 वर्षं भरायला तीन महिने असताना नोकरी सोडणं म्हणजे सुगी तोंडावर आलेली असताना शेत सोडणं. ग्रॅच्युइटीचा हिशोब असा: शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. बेसिक 40,000 धरला तर 5 वर्षांचे साधारण 1,15,000 होतात. 4 वर्षं 240 दिवसांवरही ग्रॅच्युइटी मिळते असं काही निकाल सांगतात, पण त्यासाठी कंपनीशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं, आणि तुम्ही तेव्हा पॅटागोनियात, म्हणजे खंडाच्या दक्षिण टोकाला असाल. पीएफचंही तेच. सलग 5 वर्षांच्या आत काढला तर करपात्र होतो, 50,000 च्या वर टीडीएसही कापतात. नोटीस पिरियड नोकरीतच मोजला जातो. तेव्हा दोन महिन्यांची नोटीस असेल तर डिसेंबरच्या सुरुवातीला राजीनामा द्या, शेवटचा दिवस 31 जानेवारी लिहून घ्या.

पीएफ काढायची घाई नको. खात्यावर व्याज मिळत राहतं, फक्त नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो. कंपनीने पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकली का ते बघा. नाही टाकली तर दोन महिन्यांनी आपणही टाकू शकतो, पण ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो.

हा ओटीपी लोकांना सगळ्यात जास्त रडवतो. निघायच्या आधी त्या सिमवर वर्षाचा रिचार्ज मारा, रोमिंगवर एसएमएस येतात का ते कस्टमर केअरकडून चालू करून घ्या, आणि तिकडचं इंटरनेट ईसिमवर ठेवा म्हणजे भारतीय सिम फोनमधून निघणारच नाही. 31 जुलैला रिटर्नची तारीख येते, ई-व्हेरिफायलाही ओटीपी लागतो. फॉर्म 16 जूनमध्ये येतो, आणि कंपनीचा ईमेल तोवर बंद झालेला असतो. एचआरकडे खाजगी ईमेल लेखी देऊन ठेवा.

वडिलांचा विमा मात्र आजपासून हातात घ्या. कंपनीची पॉलिसी तुमच्या शेवटच्या दिवशी संपते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज नोकरीत असतानाच करा, म्हणजे आधी भरलेला प्रतीक्षाकाळ धरला जातो. नवीन पॉलिसी घेतली तर शुगरसारख्या जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. हप्त्यासाठी वेगळं खातं करा, दहा हप्ते आधीच भरून ठेवा, आठ नव्हे. परत आल्यावर लगेच नोकरी लागेलच असं नाही. शेताचं बघणारं कोणी असेल तर ई-पीक पाहणी घरच्या माणसाच्या मोबाइलवरून होते, पण फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. त्यांना एकदा बसून शिकवा. खरीप तुमच्या गैरहजेरीतच जाणार.

गोदाकाठ:
फेब्रुवारीत निघणं तसं फायद्याचंच आहे. पॅटागोनियाचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च, अँडीजचा कोरडा हंगाम मे ते सप्टेंबर. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये दक्षिण टोक, एप्रिलमध्ये वर सरकत अर्जेंटिनाचा उत्तर भाग, मे ते जुलै बोलिव्हिया-पेरू, शेवटी कोलंबिया. तोटा एकच: बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठाच्या मैदानावर आरशासारखं पाणी जानेवारी ते मार्चमध्ये दिसतं, ते हुकेल. त्याच्यासाठी मार्ग उलटा करू नका. फेब्रुवारीत इन्का ट्रेल (पेरूत माचू पिचूला जाणारी पायवाट) दुरुस्तीसाठी पूर्ण बंद असतो, आणि एरवीही रोज 500 जणांचीच परवानगी, त्यात हमाल-गाइडही धरलेले. टोरेस डेल पाइने या चिलीतल्या पॅटागोनियाच्या राष्ट्रीय उद्यानातल्या मुक्कामांचं बुकिंग आत्ताच करा, नाहीतर मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा, तेव्हा गर्दी उतरते.

अमेरिकेच्या व्हिसामुळे तुमचं काम निम्मं झालंय. पेरू आणि कोलंबिया त्याच्या आधारावर भारतीयांना वेगळ्या व्हिसाशिवाय आत घेतात, फक्त प्रवेशाच्या वेळी त्याची मुदत सहा महिन्यांहून जास्त असावी. अर्जेंटिनानेही 2025 मध्ये ही सूट दिली. ब्राझीलचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. चिली आणि बोलिव्हियाचं तिकीट काढण्याआधी त्यांच्या वाणिज्य दूतावासाच्या पानावर वाचा, हे नियम बदलत राहतात. मुंबईच्या अपॉइंटमेंटला देवगिरी एक्स्प्रेसने रात्री निघालं की सकाळी सीएसएमटीला उतरता येतं, लॉजचा खर्च वाचतो.

आता क्रम. आधी पासपोर्ट नवा करा, 60 पानांचा, फी 2,000. जमिनीवरच्या प्रत्येक सीमेवर दोन शिक्के पडतात, 36 पानं पुरत नाहीत. अमेरिकेचा व्हिसा जुन्या पासपोर्टमध्ये राहील. अर्ज देताना 'आत चालू व्हिसा आहे' हे काउंटरवर सांगा, म्हणजे जुना पासपोर्ट रद्द करताना ते पान कापलं जात नाही. मग दोन्ही पासपोर्ट एकत्र बाळगायचे, एअरलाइनच्या काउंटरवर दोन्ही एकदमच पुढे करा. त्यानंतर यलो फीव्हरची लस. प्रमाणपत्रावर पासपोर्ट नंबर असतो, म्हणून आधी लस आणि मग नवा पासपोर्ट असं केलं की नंबर जुळत नाही. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची, प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. ते नसेल तर यलो फीव्हरच्या देशांतून परतल्यावर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करतात. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

तिकीट अमेरिकेमार्गे चालेल, व्हिसा आहेच. अदिस अबाबामार्गे साओ पाउलो-ब्युनोस आयर्स हाही सोयीचा मार्ग.

बसने सीमा ओलांडताना एक खबरदारी: पेरू-बोलिव्हियासारख्या ठिकाणी बस एका बाजूला सोडते, आपण चालत दोन ऑफिसांत जायचं. बाहेर पडल्याचा शिक्का विसरला तर पुढच्या देशातून परतताना दंड बसतो. शिक्का पडल्यावर तारीख तिथंच वाचा. फाटकी, शाई लागलेली डॉलरची नोट तिकडे कोणी घेत नाही, बँकेतून घेतानाच तपासा.

शेंगाचटणी:
खाण्याचं सांगते. 'सिन कार्ने' म्हणजे फक्त गोमांस नको, असंच बरेच जण समजतात, आणि ताटात कोंबडी येते. पूर्ण वाक्य पाठ करा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो'. सूप हाडांच्या पाण्याचं असतं, त्याला 'काल्दो' म्हणतात, विचारून घ्या.

आणि बेकरीतला घोळ. अर्जेंटिनात चंद्रकोरीसारखा पाव मिळतो, 'मेदियालुना'. त्यात 'दे मान्तेका' म्हणजे लोण्याचा, जाडसर, गोडसर. 'दे ग्रासा' म्हणजे प्राण्याच्या चरबीचा, बारीक, खारट. चिली-पेरूकडे मात्र हाच 'मान्तेका' शब्द डुकराच्या चरबीला वापरतात! सीमा ओलांडली की शब्दाचा अर्थ उलटतो.

पोटभर खायला कोलंबियात मक्याची अरेपा आहे, पेरू-बोलिव्हियात किनोआ आणि बटाटे. भाकरी मिळणार नाही, मनाची तयारी ठेवा.

चटणीची पुडी न्यायची असेल तर चिलीच्या सीमेवर सांभाळा. त्यांचा कृषी विभाग फळं, बिया, मध, अख्खी मिरची, तीळ सगळं बघतो, सामान स्कॅन करतो. फॉर्मवर 'हो, खाद्य आहे' असं लिहिलं आणि त्यांनी काढून घेतलं, तर फक्त चटणी जाते. 'नाही' लिहिलं आणि सापडलं, तर दंड भरा.

वाळूज_थर्डशिफ्ट:
मनापासून आभार. राजीनाम्याची तारीख बदलतो. एकच राहिलं: उंचीचा त्रास म्हणतात तो किती खरा? बस की विमान?

गोदाकाठ:
खरा आहे. छत्रपती संभाजीनगर जेमतेम 570 मीटरवर, कळसूबाई 1,646. कुस्को 3,400, ला पाझ 3,640. लिमाहून कुस्कोला थेट विमानाने गेलं की समुद्रसपाटीवरून दीड तासात तिथं, आणि रात्री डोकं ठणकतं, मळमळतं. म्हणून पेरूच्या दक्षिणेकडून बसने अरेकिपाला (2,335) तीन रात्री थांबा, मग वर चढा. तिथले लोक या त्रासाला 'सोरोचे' म्हणतात. त्यावरची गोळी ॲसिटाझोलामाइड 125 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चढायच्या आदल्या दिवसापासून, पण सल्फाची ॲलर्जी नाही ना हे इथल्याच डॉक्टरांकडून बघून, चिठ्ठी घेऊन. पहिले दोन दिवस दारू नाही, धावपळ नाही. खोकल्यासोबत बसल्याजागी दम लागला किंवा चालताना तोल गेला, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री खाली उतरा. जून-जुलैत उयुनीला रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो, तेव्हा थर्मल, फ्लीस आणि वारा अडवणारं जाकीट. सुती कपडे वाळत नाहीत.

कोकाच्या पानांचा चहा तिथं सगळीकडे मिळतो, प्या. पण त्याची पानं किंवा पाकीट बॅगेत ठेवून चिली, ब्राझील किंवा मुंबईला आणू नका. आपल्याकडे कोकाचं पानही एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं.