नव्या तंत्रज्ञानाचा फुगा नक्की कोण फुगवतं?

चौकस
कपाट आवरताना थ्रीडी टीव्हीचे चार चष्मे सापडले. २०१० च्या सुमारास "आता घरोघरी थ्रीडीच" असं सगळे छातीठोकपणे सांगत होते, मीही भुललो. चष्मे चार्ज करायचे, ते लावले की चित्र काळवंडायचं, आणि सोफ्यावर आडवं होऊन मान कलली की त्रिमितीचा पार विचका. दोन महिन्यांत चष्मे कपाटात गेले. २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी असे टीव्ही काढणंच सोडलं.

माझं म्हणणं, यात तंत्रज्ञानाचा दोष नाही. त्रिमिती दिसत होतीच की! पण 'हे जमतं' आणि 'हे लोकांना रोज हवंय' यातलं अंतर कोणी बोलून दाखवत नाही, कारण ते दाखवलं तर पैसा उभा राहत नाही. सेगवे ही उभं राहून चालवायची विजेवरची दुचाकी डिसेंबर २००१ मध्ये आली. घोडागाडीचं मोटारीने जे केलं तेच ही मोटारीचं करेल, असं तिचे जनक डीन केमन म्हणत होते. वर्षभरात आठवड्याला १०,००० गाड्या निघतील असा होरा. २०२० मध्ये उत्पादन थांबलं तेव्हा एकूण खप साधारण १,४०,०००. चौदा आठवड्यांचा माल खपायला अठरा वर्षं! ही धूळफेक नाही तर काय?

जुना खिळा
असहमत. धूळफेक म्हणजे माहीत असून खोटं बोलणं. स्वतःचाच विश्वास नसता तर कोण एवढा खटाटोप करेल? शिवाय गाजावाजा झाल्याशिवाय मोठी कामं उभी राहतच नाहीत. १८४० च्या दशकात ब्रिटनमध्ये रेल्वेच्या शेअर्सचं वेड लागलं होतं. १८४६ या एका वर्षात संसदेने नव्या मार्गांसाठी अडीचशेहून जास्त कायदे केले. मंजूर झालेल्यांपैकी बरेच मार्ग कागदावरच राहिले, लोक बुडाले. पण जे रूळ पडले त्यांवर पुढच्या पिढ्या फिरल्या.

चौकस
हे त्या बुडालेल्यांना सांगून बघा! आणि दरवेळी रूळ तरी कुठे उरतात? डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका थंड चहावाल्या कंपनीने नाव बदलून 'लाँग ब्लॉकचेन' केलं (ब्लॉकचेन म्हणजे बिटकॉइनमागचं, तेव्हा गाजत असलेलं तंत्रज्ञान) आणि एका दिवसात शेअर जवळपास तिप्पट. चहा तोच, बाटली तीच.

पाटीपेन्सिल
दोघंही पैशात अडकलात. कारखान्यांतली वीज बघा. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र १८८२ चं, तरी १९०० मध्येही तिथले बहुतेक कारखाने वाफेवरच. ज्यांनी वीज घेतली त्यांनीही बरेचदा एवढंच केलं, की वाफेचं इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटर बसवली. सगळी यंत्रं फिरवणारा छताखालचा लांबलचक दांडा आणि त्यावरून खाली येणारे पट्टे जसेच्या तसे. मग फायदा कुठून दिसणार? प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली, दांडा गेला, यंत्रं कामाच्या क्रमाने मांडता आली, तेव्हा कुठे १९२० च्या दशकात उत्पादकतेने उडी मारली. म्हणजे चाळीस वर्षं! यंत्र लवकर येतं हो, पण कामाची मांडणी बदलायला पिढी जाते. मधल्या काळाला आपण अपेक्षाभंग म्हणतो.

जुना खिळा
+१. फक्त चाळीस वर्षं थांबायला कुठला गुंतवणूकदार तयार होईल? म्हणून "पुढच्या वर्षी" म्हणावं लागतं.

चौकस
म्हणजे माझ्याच मुद्द्यावर आलात! कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक आद्य संशोधक हर्बर्ट सायमन यांनी तर १९६५ मध्येच लिहिलं होतं, की वीस वर्षांत यंत्रं माणसाचं कुठलंही काम करतील. ते काही शेअर विकत नव्हते, हेही मान्य करतो, त्यामुळे सगळं खापर पैशावर फोडता येत नाही.

पण पाटीपेन्सिल, विजेचं गणित सगळीकडे नका लावू. थ्रीडी टीव्हीला चाळीस वर्षं दिली असती, तरी सोफ्यावर मान कललीच असती.